जुन्या मोटारसायकलचा ब्रेक

मुलामुलींचें लग्न ठरवितांना आपल्याकडे स्थळाची चौकशी किती खोल करितात, हें वाचकांस सांगावयास नको. घराणें, शिक्षण, मिळकत, स्वभाव, आजोळ, फार काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांचें मत, हें सारें पाहून झाल्यावांचून बोलणीं पुढें सरकत नाहींत. परंतु हींच सुज्ञ माणसें जुनी मोटारसायकल विकत घेतांना काय पाहतात? रंग पाहतात, टायर पाहतात, किती किलोमीटर चालली तो आंकडा पाहतात, एंजिनाचा आवाज ऐकतात आणि कागदपत्रें नांवावर करून देण्याची हमी घेतात. गाडी चालेल कीं नाहीं, याची चौकशी पुरेपूर होते. ती थांबेल कीं नाहीं, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हींही विचारलें नव्हतें. त्याचें फळ आम्हांस काय मिळालें व त्यांतून आम्ही काय शिकलों, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. कोणास दोष देण्याचा हेतु नाहीं. दोष द्यावयाचाच झाला तर पहिला वाटा आमचाच निघेल.

आमची हकीकत

दोन वर्षांपूर्वीं आमचे धाकटे चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाऊं लागले. महाविद्यालय घरापासून दूर, बस वेळेवर मिळेल याची खात्री नाहीं, आणि नवी गाडी घेण्याची सोय त्या वर्षीं नव्हती. इतक्यांत कोंकणांतील एका परिचित गृहस्थांनीं आपली मोटारसायकल विकावयास काढली आहे असें कळलें. गृहस्थ सज्जन, गाडी एका हातची, आणि सहा वर्षांत अवघी ११,००० किलोमीटर चाललेली. मुलगा नोकरीनिमित्त परदेशीं गेल्यामुळें शेवटचीं दोन वर्षें ती पडवींत नुसती उभी होती. "गाडी फारशी वापरलेलीच नाहीं, नवीच समजा," असें ते म्हणाले, आणि तें त्यांनीं मनापासून म्हटलें. आम्हांसही तोच तिचा मोठा गुण वाटला.

गाडी टेम्पोंत घालून पुण्यास आणली. ओळखीच्या मेकॅनिककडून एंजिन ऑईल बदलून घेतलें, नवी बॅटरी बसविली, साखळी साफ करून तीस तेल दिलें. पुढच्या चाकाच्या डिस्क ब्रेकचे पॅड त्यानें वरूनच वांकून पाहिले. "काका, पॅड भरपूर जाड आहेत, काळजी नको," असें तो म्हणाला. ही गोष्टही खरी होती. पॅड जाडच होते.

पंधरा दिवसांनीं जेवतांना चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुढचा ब्रेक जरा मऊ लागतो. मित्राच्या गाडीपेक्षां लिव्हर जास्त आंत जातो." आम्हीं पानावरून मान वर न करितां उत्तर दिलें, "प्रत्येक गाडीची तऱ्हा वेगळी असते. होईल संवय." हे शेवटचे दोन शब्द पुढें कित्येक रात्रीं आम्हांस आठवत राहिले.

त्यानंतरच्या रविवारीं ते आपल्या मावसभावास मागें बसवून सिंहगडावर गेले. चढतांना कांहीं झालें नाहीं. उतरतांना घाटांतील एका वळणाच्या अलीकडे पुढचा ब्रेक दाबतांच खट्‌कन आवाज झाला, लिव्हर एकदम मुठीस जाऊन टेकला आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज येऊं लागला. मागचा ब्रेक शाबूत होता. परंतु दोघांचें ओझें आणि तो उतार एकट्या मागच्या ब्रेकास आवरेना. सुदैवानें मुलाचें प्रसंगावधान सुटलें नाहीं. त्यानें गिअर खालीं आणला आणि दरीची बाजू टाळून गाडी डोंगराच्या बाजूच्या चरांत घातली. मावसभावास खरचटण्यावर निभावलें. चिरंजीवांचें डावें मनगट मोडलें. दोघांनींही हेल्मेट घातलें होतें. रस्त्याच्या दुसऱ्या अंगास काय होतें, हें सिंहगडावर गेलेल्या वाचकांस ठाऊक आहे. त्याचें वर्णन करण्याची आमची इच्छा नाहीं.

पॅडचें काय झालें होतें

ब्रेक पॅड म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. चाकाबरोबर एक पोलादी तबकडी फिरते, तीस डिस्क म्हणतात. तिच्या कडेवर पकडीसारखा एक भाग बसविलेला असतो, तो कॅलिपर. कॅलिपरच्या आंत डिस्कच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. पॅडचे भाग दोन. पाठीमागें पोलादी पाटी, आणि तिच्यावर डांबून चिकटविलेलें घर्षणाचें अस्तर. यासच कारागीर लायनिंग म्हणतात. मुठीवरील लिव्हर दाबला कीं नळींतील ब्रेक ऑईल पिस्टनास पुढें ढकलतें, पिस्टनाच्या जोरानें पॅड डिस्ककडे सरकतात, आणि चिमटींत धरावी तशी दोन्ही पॅड मिळून डिस्क धरतात. धांवत्या गाडीचा सारा जोर त्या दोन लहानशा अस्तरांशीं उष्णतेच्या रूपानें संपतो.

हें अस्तर म्हणजेच खरा ब्रेक. बाकीचें सर्व त्याचे हातपाय होत. इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यांनीं १८९७ सालीं वाहनांसाठीं असें अस्तर तयार करण्याच्या खटपटीस आरंभ केला. डिस्क ब्रेकचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं घेतलें. मोटारसायकलवर मात्र तो सर्वसामान्य गिऱ्हाइकांपर्यंत पोंचण्यास १९६९ सालची होंडा सीबी ७५० ही गाडी यावी लागली. इतक्या वर्षांत पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु अस्तर पाटीस धरून राहिलें पाहिजे, ही पहिली अट तशीच आहे.

आमच्या गाडीचा कॅलिपर उघडला तेव्हां एका पॅडची पाटी तेवढी जागेवर होती. अस्तर सबंध निखळून गेलें होतें. पाटीच्या अंगावर गंजाच्या खपल्या होत्या. उलगडा सोपा आहे. दोन पावसाळे गाडी दमट हवेंत उभी होती. अस्तर व पाटी यांच्या सांध्यांत ओल शिरली आणि तेथें गंज धरला. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो जसजसा वाढला तसतसें त्यानें अस्तर पाटीपासून उचललें. बाहेरून पाहणारास अस्तर जाड आणि नवें दिसत होतें; आंतून त्याचा आधार सुटला होता. मुलास लिव्हर मऊ लागत होता, तो याच उचललेल्या अस्तरामुळें, असें मेकॅनिकचें मत पडलें. घाटांत ताप व जोर दोन्ही पडतांच तें निखळलें, आणि त्याची रिकामी झालेली जागा ओलांडून डिस्कपर्यंत पोंचण्यास पिस्टनास बरेंच अंतर पुढें यावें लागलें. लिव्हर एकदम मुठीस टेकला, तो यामुळें. अशा प्रसंगीं लिव्हर भराभर दोनतीन वेळां दाबल्यास थोडाबहुत ब्रेक परत मिळण्याचा संभव असतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तात्पर्य, ब्रेक केवळ वापरानें झिजतो ही समजूत अपुरी आहे. तो उभ्या गाडींतही झिजतो. अस्तराखालीं गंज धरतो, रबर कडक होतें, पिस्टन आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना आपापल्या जागीं आखडतात, आणि ब्रेक ऑईलांत पाणी मुरतें. "कमी चाललेली गाडी" हें एंजिनाचें प्रशस्तिपत्र असेल; ब्रेकाचें नव्हे.

ब्रेक ऑईल हें तेल नव्हे

बाजारांत सर्वजण ब्रेक ऑईल म्हणतात, म्हणून आम्हींही तोच शब्द वापरला आहे. परंतु हा द्रव तेल नव्हे, आणि त्याच्या ऐवजीं दुसरें कोणतेंही तेल घालणें अत्यंत घातक आहे. एंजिनाचें तेल त्यांत गेलें तर आंतील रबरी वायसर फुगून निकामी होतात. बहुतेक मोटारसायकलींस डॉट ३ अथवा डॉट ४ या प्रतीचा द्रव लागतो. कोणता, तें टांकीच्या झांकणावर लिहिलेलें असतें.

या द्रवाचा स्वभाव असा कीं तो हवेंतील ओल शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेंटिग्रेड असावा लागतो. त्यांत शेंकडा चारच्या आंतबाहेर पाणी मुरलें कीं तोच १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकतो. डॉट ३ चे हेच आंकडे २०५ व १४० असे आहेत. लांब उतारावर कॅलिपर तापला आणि आंतील द्रवास उकळी फुटली, तर त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. मग लिव्हर कितीही ओढला तरी जोर पॅडपर्यंत पोंचत नाहीं. सपाट शहरांत वर्षभर निमूट चाललेला ब्रेक घाटांत नेमका दगा देतो, त्याचें एक कारण हें. यास्तव हा द्रव दर दोन वर्षांनीं बदलावा, गाडी चालली असो वा नसो. तो सीलबंद बाटलींतूनच घ्यावा. महिनोनमहिने उघडी राहिलेली बाटली वापरूं नये. रंगावर सांडल्यास तो रंग खातो, म्हणून लगेच पाण्यानें धुवावा.

उताराचा हिशेब

गणिताची आवड असणाऱ्या वाचकांसाठीं दोन हिशेब देतों. ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी पूर्ण थांबविण्यास ब्रेकास जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या सातपट ऊर्जा तीच गाडी १०० मीटर उंची उतरली असतां मोकळी होते. गाडी हलकी असो वा जड, हें प्रमाण बदलत नाहीं. पुणें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे, सिंहगड सुमारें १,३०० मीटर. आणि मधला बहुतेक उतार शेवटच्या घाटरस्त्यांतच आहे. यांतील बराच भार एंजिन उचलूं शकतें. मात्र गाडी खालच्या गिअरमध्यें असली पाहिजे. पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकून घाट उतरणारे तरुण हा सगळा भार त्या दोन अस्तरांवर टाकतात. ज्या गिअरमध्यें चढ चढावा लागतो त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम अजूनही तितकाच खरा आहे.

दुसरा हिशेब सपाट रस्त्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगानें दोन गाड्या बरोबरीनें जात आहेत. एकीचा ब्रेक उत्तम, दुसरीचा निम्म्या जोराचा. समोर अडथळा दिसतांच दोघांनींही एकाच क्षणीं ब्रेक दाबला. पहिली सुमारें २३ मीटरांत थांबली, तर दुसरीस सुमारें ४६ मीटर लागतील. हें तर कोणीही सांगेल. परंतु पहिली गाडी जेथें येऊन उभी राहिली, त्याच ठिकाणीं दुसरीचा वेग किती उरलेला असेल? ताशी सुमारें ४२ किलोमीटर! निम्मा ब्रेक म्हणजे निम्मा धोका, असा हिशेब येथें चालत नाहीं.

पुढचा ब्रेक दाबल्यास गाडी उलटते, ही भीति आपल्याकडे फार पसरली आहे. वस्तुतः ब्रेक लागतांच गाडीचें वजन पुढच्या चाकावर येतें, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचाच ब्रेक करितो. तो झटक्यानें न दाबतां जोर क्रमाक्रमानें वाढवीत, मागच्याच्या जोडीनें दाबावा. १ एप्रिल २०१९ पासून भारतांत १२५ सीसीवरील नव्या दुचाकींस चाक जखडूं न देणारी एबीएस योजना, आणि त्याखालील गाड्यांस ती अथवा दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस योजना सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही नसतात. असल्या तरी झिजलेल्या वा निखळलेल्या पॅडपुढें त्यांचा उपाय चालत नाहीं.

जुनी गाडी घेतल्यावर

गाडी घरीं आली कीं ती रस्त्यावर आणण्यापूर्वीं पुढील गोष्टी कराव्या, असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे. कॅलिपर उघडून पॅड बाहेर काढावे. अस्तराची जाडी पहावीच, पण अस्तर आणि पाटी यांच्या सांध्यावर गंज, चीर अथवा फट आहे काय, हें विशेष पहावें. गाडी वर्षभर उभी राहिली असेल तर विचार न करितां नवे पॅड घालावे. सामान्य मोटारसायकलच्या पॅडांस कांहीं शें रुपये पडतात, आणि रुग्णालयाच्या एका दिवसाच्या खर्चापुढें ती रक्कम कांहींच नव्हे. ते माहितीच्या दुकानांतून, बंद पाकिटांतले घ्यावे. सरकत्या पिना साफ करून त्यांस ब्रेकासाठीं असलेलेंच ग्रीस लावावें. ब्रेक ऑईल सबंध बदलावें. रबरी नळीस भेगा आहेत काय तें ती वांकवून पहावें. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. तिच्याखालीं ती गेली असल्यास बदलावी. शेवटीं चाक उचलून हातानें फिरवावें. ब्रेक सोडल्यावरही तें जड फिरत असेल तर पिस्टन आखडला आहे असें समजावें.

मागच्या चाकास ड्रम ब्रेक असेल तर त्याचे लायनर ड्रमच्या आंत दडलेले असतात. पायांतला ब्रेक खालीं जाऊं लागला कीं मेकॅनिक सळईवरचा नट आवळून देतो व ब्रेक पुन्हा लागूं लागतो. परंतु त्यायोगें झीज भरून निघत नाहीं, ती नुसती झांकली जाते. पुष्कळ गाड्यांवर ड्रमच्या झांकणाशीं एक बाण व खूण असते. ब्रेक पूर्ण दाबला असतां बाण खुणेच्या पलीकडे गेला म्हणजे लायनर बदलण्याची वेळ झाली.

दोन इशारे विशेष महत्त्वाचे आहेत. नवे पॅड घालतांना पिस्टन मागें ढकलावे लागतात, त्यामुळें पहिले दोनचार वेळां लिव्हर रिकामाच जातो. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वीं लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबून पहावा. हें विसरून पहिल्याच चौकांत फसलेले लोक आहेत. शिवाय नवे पॅड डिस्कशीं जुळेपर्यंत पहिले शेंदोनशें किलोमीटर वेग बेताचा ठेवावा. दुसरा इशारा असा कीं ब्रेकावरील काळी धूळ तोंडानें फुंकूं नये. पूर्वीं अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरीत असत, आणि जुन्या गाडींत काय असेल तें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, व तें फडकें फेंकून द्यावें.

महिन्याची पाहणी

एवढें झाल्यावर पुढें महिन्यांतून दहा मिनिटें पुरतात. विजेचें बिल येतें तो दिवस आम्हीं यासाठीं नेमून ठेविला आहे. टॉर्चच्या उजेडांत दोन्ही पॅडांचें अस्तर पहावें. तें दीड मिलिमीटरपर्यंत आलें असेल, अथवा त्यावरील खांच दिसेनाशी झाली असेल, तर पॅड बदलावे. टांकीच्या कांचेंतून ब्रेक ऑईलाची पातळी व रंग पहावा. पातळी उतरली म्हणून लगेच भर घालूं नये. पॅड झिजले कीं पिस्टन पुढें येतो व पातळी आपोआप उतरते. म्हणजे ती उतरणें ही पॅड झिजल्याची वर्दीच होय. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, व तशी गाडी चालवूंच नये. साखळीस तेलाचा फवारा देतांना मागच्या डिस्कवर जुन्या वर्तमानपत्राचा आडोसा धरावा. अस्तरानें तेल पिलें म्हणजे तें पुसून निघत नाहीं. पावसांत डिस्कवर पाण्याचा थर असतो, म्हणून पहिला ब्रेक किंचित उशिरां लागतो. तेवढें अंतर आधींच राखावें.

आणि कान उघडे ठेवावे. बारीक चिरका आवाज धुळीचाही असूं शकतो. पण घरघर, खरखर, लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी तेथेंच उभी करावी. लिव्हर मऊ लागणें, रोजच्यापेक्षां आंत जाणें, ब्रेक लागतांना हातास ठोके जाणवणें, गाडी एका बाजूस ओढणें, हीं सर्व ब्रेकाचीं बोलणीं आहेत. तो दगा देण्यापूर्वीं बहुधा बोलतो, ऐकणारा पाहिजे.

दसऱ्यास आपण घरोघर गाड्या धुतों, झेंडूची माळ घालतों, हळदकुंकू वाहतों. ही चाल चांगली आहे, आणि ती मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या घरीं तिच्यांत एका गोष्टीची भर पडली आहे. आदल्या दिवशीं गाडीचे पॅड काढून पाहिल्याशिवाय माळ घालावयाची नाहीं, आणि एक दसरा सोडून दुसऱ्या दसऱ्यास ब्रेक ऑईल बदलावयाचें. हा नियम आमच्या सौभाग्यवतींनीं घातला, व त्याविरुद्ध अपील चालत नाहीं.

चिरंजीवांचें मनगट आतां पूर्ववत्‌ झालें आहे आणि गाडीही तेच चालवितात. ती गंजलेली पाटी आम्हीं टाकून दिली नाहीं. आमच्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडूं नयेत म्हणून ती ठेविली आहे. गेल्या महिन्यांत ते पुन्हा म्हणाले, "बाबा, मागचा ब्रेक आज थोडा खालीं जातो." आम्ही पानावरून उठलों, हात धुतले आणि टॉर्च घेऊन खालीं गेलों. नट थोडा सैल झाला होता, इतकेंच. जेवण मात्र निवून गेलें होतें. तें पुन्हा ऊन करून वाढतांना घरांतून कोणी एक शब्दही बोललें नाहीं.